शब्दाभिज्ञानमापी आणि गड्डमबाई

"माणसाला माणूसपण दिलं ते शब्दाने, आणि आज त्या शब्दाचा ठाव आपण मेंदूत घेतला आहे. अग्नीच्या शोधानंतर मानवजातीने टाकलेलं हे सर्वांत मोठं पाऊल होय." ज्येष्ठ निवास मंडळाचे अध्यक्ष यंत्राच्या उद्घाटनाला सोलापुरात असं म्हणाले, तेव्हा माइक बंद होता. पहिल्या रांगेला पंख्याची घरघर ऐकू आली, मागच्यांना तीही नाही. अध्यक्षांचे ओठ थांबले तशा टाळ्या पडल्या आणि ते काय म्हणाले हे लोकांनी दुसऱ्या दिवशी वाचून घेतलं. कानावर पडलेला शब्द माणसाच्या डोक्यात शिरतो की नाही हे मोजणाऱ्या यंत्राची सुरुवात ही अशी झाली.

यंत्राचं सरकारी नाव शब्दाभिज्ञानमापी. ते डोक्यावर घालायचं असल्यामुळे सोलापुरात त्याला पहिल्या दिवसापासून टोपी म्हणू लागले. पूर्ण नाव घेणारा माणूस अख्ख्या शहरात एकच, शिरीष धारूरकर. त्यांची सगळी नोकरी परिभाषेच्या एका सरकारी समितीत, इंग्रजी शब्दांना मराठी प्रतिशब्द घडवण्यात गेली होती. टीव्हीचा आवाज बंद करणाऱ्या बटणाला त्यांनी 'निःस्वनिका' हा शब्द दिला होता. समितीने तो एकमताने मंजूर केला, आणि त्यानंतर तो कुणाच्याही तोंडून बाहेर पडला नाही. त्यांच्या पत्नी, त्या होत्या तोवर, घरात "अहो, म्यूट करा" असंच म्हणत आणि धारूरकर ते ऐकू न आल्यासारखं करत. आता त्या नव्हत्या, आणि ऐकू न आल्यासारखं करायला घरात कुणी उरलं नव्हतं.

टोपीमागचं शास्त्र मात्र खरोखर देखणं होतं. आपल्याला वाटतं, समोरच्याने शब्द पुरा उच्चारला की मग तो आपल्याला कळतो. तसं नसतं. 'पा' एवढं कानावर पडताच मेंदूतले 'पा'ने सुरू होणारे सगळे शब्द उठून उभे राहतात. पाणी, पालक, पाहुणा, पावती, झाडून सगळे. पुढे 'हु' आला की पाहुणा तेवढा उभा राहतो, बाकीचे मुकाट खाली बसतात. शब्द तोंडातून पुरता बाहेर पडायच्या आत निकाल लागलेला असतो. जो शब्द रोज कानावर पडतो तो आधी उठतो, ओळखीच्या आवाजात आला तर आणखी चपळाईने. ज्याला वर्षानुवर्षं कुणी हाक मारलेली नाही, तो गुडघ्यावर हात ठेवून कण्हत उठतो. लिहिलेल्या शब्दाची तऱ्हा निराळी. ओळखीचा शब्द डोळा एका नजरेत अख्खा उचलतो, आणि त्याची मेंदूत शिरायची वाटही वेगळी आहे. एक वाट वापरात असली म्हणजे दुसरीवर गवत उगवणार नाही असं नाही. टोपीतले संवेदक ही सगळी उठबस कवटीबाहेरून मोजत. माणसाने काही बोलायचं नाही, डोळे मिटून नुसतं ऐकायचं.

इथवर ठीक होतं. मग असं लक्षात आलं की ही उठबस मंदावणं हे मेंदू थकत चालल्याचं फार आधी दिसणारं लक्षण आहे. मंडळाने लगेच नियम केला. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाची चाचणी घ्यायची आणि वेग कमी भरला तर त्याचं घर बंद करून त्याला सहवास केंद्रात हलवायचं. केंद्र दूर डोंगरावर होतं. हवा उत्तम, खोलीत खाटांची रांग, आणि सकाळी सगळ्यांनी मिळून हसायचा कार्यक्रम. शब्दांचा वेग आणखी एका कारणाने मंदावतो, माणसाशी कुणी बोलतच नसेल तर, हे शास्त्रज्ञांनी अहवालात स्पष्ट लिहिलं होतं. पण ते तळटिपेत होतं.

धारूरकरांच्या घरात शब्दांना तोटा नव्हता, फक्त ते सगळे लिहिलेले होते. मुलगा अन्वय रॉटरडॅमला असे. त्याचं मराठी ऐकवत नाही म्हणून धारूरकरांनी फोनला सांगून ठेवलं होतं की त्याचा आवाज आला की तो लिहून दाखवायचा, व्याकरण सुधारून. टीव्ही मूक, खाली अक्षरं. बातमीदारांचे उच्चार ऐकून त्यांना पित्त होई. दूध, भाजी, औषधं बोलायची गरज न पडता दारात येत. सोसायटीचा ग्रुपही त्यांनी बंद करून ठेवला होता, तिथलं मराठी लेखीसुद्धा सोसत नसे. अशुद्ध शब्द कानावर येऊ नये म्हणून त्यांनी एकेक आवाज मिटवत आणला होता, आणि त्यात ते इतके यशस्वी झाले होते की कधी कधी खोकला आला तर स्वतःच दचकत.

राहिली होती एक भिंत. तिला बटण नव्हतं. पलीकडे गड्डम नावाचं पद्मशाली विणकर जोडपं राहायचं. राजेशम गड्डम कानाने अधू, त्यामुळे अंबुबाई गड्डम जे काही बोलायच्या ते सबंध मजल्याला उद्देशून असल्यासारखं वाटे, आणि ते तेलुगूत असे. धारूरकरांनी एकदा सोसायटीकडे 'शेजारील सदनिकेतील अनिवार उच्चरव' या विषयावर लेखी तक्रार केली होती. ती जिन्यातल्या फलकावर लागली. गड्डमबाईंनी ती थांबून वाचली, आणि उच्चरव पहिल्यासारखा चालू राहिला. त्याला आता बरीच वर्षं झाली होती.

चाचणीला मंडळाकडून मिसबा तांबोळी नावाची मुलगी आली. तिने पिशवीतून टोपी काढून टेबलावर ठेवली तेव्हा धारूरकर म्हणाले की शब्दाभिज्ञानमापी वाटला त्यापेक्षा लहान आहे. "कोण?" असं तिने विचारलं. पुढे तिने त्यांना आजोबा म्हणायला सुरुवात केली, जे त्यांना आवडलं नाही, आणि त्यांना टोपी घातली.

आधी परक्या भाषेतले शब्द ऐकवायचे अशी पद्धत होती. न ओळखीच्या शब्दावर मेंदू कसा स्वस्थ बसतो हे त्यातून कळे, आणि मग त्याच्या तुलनेत मराठी शब्द तोलता येत. सोलापूरसाठी ही परकी भाषा कुणीतरी मुख्यालयात बसून ठरवली होती, आणि नकाशा न बघता तेलुगू ठरवली होती. सोलापुरात तेलुगू परकी, असं म्हणणाऱ्याला इथल्या रिक्षावाल्यानेसुद्धा उतरवून दिलं असतं. पण मुख्यालयात रिक्षावाल्यांना विचारायची पद्धत नव्हती.

मिसबा पडद्याकडे बघत होती. परक्या शब्दांवर जी रेघ आडवी पडून राहायला हवी होती ती उंच उडत होती. मग मराठी शब्द सुरू झाले, आणि रेघ दमल्यासारखी सरपटू लागली. 'पाहुणा' हा शब्द उठायला इतका वेळ लागला की मिसबाने यंत्राची वायर हलवून बघितली. मग तिने टोपी काढली.

"आजोबा, तुम्हाला तेलुगू येतं?"

"एक अक्षर येत नाही."

"तुमच्या मेंदूला येतं."

तिने समजावून सांगितलं ते असं. तान्ह्या मुलाला अर्थ कळायच्या आधी शब्दांचे आकार कळतात. बोलण्याच्या सलग ओघात कोणता तुकडा पुन्हा पुन्हा येतो हे त्याचा मेंदू आपोआप टिपत असतो. मोठेपणीही हे थांबत नाही. धारूरकरांच्या डोक्यात भिंतीतून आलेल्या तेलुगू शब्दांची अख्खी आळी वसली होती. घरं रिकामी, पण दारावर पाट्या लागलेल्या. मराठी आळीत मात्र बरेच दिवस कुणी फिरकलेलं नव्हतं. सगळ्यात चपळ उठले होते ते 'अन्नं' आणि 'तिन्नारा' हे शब्द. त्यांचा अर्थ धारूरकरांना माहीत नव्हता, मिसबालाही नाही. वाचनाची चाचणी घ्या, असं धारूरकर म्हणाले. वाचनात ते शहरात पहिले आले असते. ती म्हणाली की वाचनाला गुण नाहीत, कारण गॅस सुटला असला तर शेजारी ओरडून सांगतात, लिहून देत नाहीत.

मराठीत ते नापास झाले. पण मुलगी कनवाळू होती आणि नियम वाचलेली होती. परिचित भाषेत फेरचाचणी मागता येते, असं ती म्हणाली. पुढच्या महिन्यात. तेव्हा टोपी नुसता आकार बघणार नाही, अर्थही बघेल; ओळखीचं माणूस समोर बसून शब्द म्हणेल आणि त्यांनी चित्रावर बोट ठेवायचं. त्यातही नापास झाले तर घराला कुलूप.

धारूरकरांनी मुलाला कळवलं. मुलाचं उत्तर व्याकरण सुधारून आलं, की बाबा, मी केंद्राची छायाचित्रे पाहिली, परिसर रमणीय आहे. त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यात चूक एकही नव्हती. मग ते खुर्चीत बसून राहिले. ज्या घरात आपण कुणाला बोलू दिलं नाही ते घर सुटणार हे इतकं का लागावं, हे त्यांना कळेना. पलीकडे भांडं वाजलं, आणि आपण कान देऊन ऐकत आहोत हे त्यांच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी ते गड्डमांच्या दारात उभे राहिले. अंबुबाईंनी दार उघडलं आणि त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. बाई बुटकी, केस पांढरे, कपाळ मोठं. नव्या तक्रारीचा कागद कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. धारूरकर म्हणाले की तक्रार नाही, जरा काम होतं, आणि ते राजेशमरावांशी बोललेलं बरं, त्यांना बोलवता का.

"ते कुठले आता, साहेब? दोन उन्हाळे झाले की."

त्या उन्हाळ्यात धारूरकर रॉटरडॅमला होते. अंबुबाई म्हणाल्या की ग्रुपवर टाकलं होतं. सगळ्यांनी हात जोडलेले पाठवले, तुमचेच तेवढे आले नाहीत. सांत्वनासाठी समितीने सात शब्द मंजूर केले होते, त्यातला एकही उठेना. शेवटी त्यांच्या तोंडून जे गेलं ते विचारायचं त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

"मग तुम्ही रोज दुपारी मोठ्याने विचारता ते कुणाला? अन्नं तिन्नारा?"

अंबुबाईंनी पदर खांद्यावर ओढून घेतला. "त्याचा अर्थ, जेवलात का. आधी यांना विचारत होते. हे गेल्यावर घर लई गप झालं ओ. मग म्हटलं, पलीकडं तक्रार करणारा आहे की एक. तक्रार करतो म्हणजे ऐकतो." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी उत्तर दिलं नाही ते सोडा. हे पण देत नव्हते."

दोन उन्हाळे त्यांना कुणीतरी रोज दुपारी जेवलात का असं विचारत होतं. त्यांच्या मेंदूतला तो शब्द रोज ताडकन उठून उभा राहत होता, आणि कशासाठी उठलो हे न कळल्यामुळे परत खाली बसत होता.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. अंबुबाईंनी पहिल्यांदा साफ नाही म्हटलं. कारणही सांगितलं, उंबऱ्याबाहेर येऊन, आवाज खाली आणून. त्यांचा आवाज खाली येतो हे धारूरकरांना तेव्हा प्रथम कळलं. मंडळाच्या यादीत राजेशम अजून जिवंत होते. अंबुबाईंनी ते मुद्दाम तसंच ठेवलं होतं. जोडप्याला टोपी घालत नाहीत, एकट्याला घालतात. फेरचाचणीला आवाज द्यायला बसलं की मंडळ त्यांची चौकशी करणार, घरी कोण कोण विचारणार, आणि मग त्यांनाही डोंगरावर जाऊन सकाळी हसावं लागणार. धारूरकर म्हणाले की असं असेल तर माझा आग्रह नाही. ते घरी आले. दुपारी भिंत गप्प होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते ताटावर बसले आणि घास घेता येईना.

चौथ्या दिवशी भिंतीवर थाप पडली. पलीकडून मोठ्याने आलं, "नीळ्ळु!" आणि मागोमाग, "म्हणजे पाणी. म्हणा."

शिकवणी भिंतीतूनच झाली. अंबुबाई शब्द ओरडत, धारूरकर परत ओरडत, आणि खालच्या मजल्यावरून दोघांविरुद्ध लेखी तक्रार आली, जिच्यात धारूरकरांना शुद्धलेखनाच्या पाच चुका सापडल्या. तलुपु म्हणजे दार. उप्पु म्हणजे मीठ. उच्चार ते ठार चुकीचे करत, आणि अंबुबाई दर वेळी हसत. तान्ह्या पोराचं बरं, त्या म्हणत, त्याला आधी शब्दांचा पगार तरी मिळालेला नसतो. एका शब्दापाशी मात्र त्या अडखळल्या. 'मुसलोडु' हा शब्द मिसबाच्या पडद्यावर बराच उंच उडाला होता. बहिणीशी फोनवर बोलताना त्यांच्या तोंडात तो वारंवार येई. त्याचा अर्थ मोठा माणूस, त्या म्हणाल्या. मान्यवर म्हणा की. धारूरकरांना बरं वाटलं. इतकी वर्षं पलीकडे आपला उल्लेख आदराने होत असेल याची त्यांना कल्पना नव्हती.

फेरचाचणीच्या दिवशी अंबुबाई नवं लुगडं नेसून त्यांच्या खोलीत येऊन बसल्या. भिंतीची ही बाजू त्यांनी पहिल्यांदाच बघितली. मिसबाने टोपी चढवली, आणि आवाज देणाऱ्याची नोंद करावी लागते म्हणून अंबुबाईंना नाव विचारलं, मग पत्ता, मग घरी कोण कोण असतं.

अंबुबाई हातातल्या बांगड्यांकडे बघत राहिल्या.

"त्यांचे यजमान असतात," धारूरकर म्हणाले. सरकारी समितीत त्यांनी जन्मभर एक शब्दही पुराव्यावाचून मंजूर केला नव्हता. "त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून या मोठ्याने बोलतात. मी तशी लेखी तक्रार केलेली आहे. ती सोसायटीच्या दप्तरी आहे."

"त्यांचा आवाज येत नाही पण," मिसबा म्हणाली.

"कधीच येत नसे. आता जरा हळू बोला, त्यांची झोपायची वेळ आहे."

मिसबाने भिंतीकडे बघितलं, मग या दोघांकडे, आणि नोंदीत जी खूण करायची ती केली. अंबुबाईंनी धारूरकरांकडे एकदा बघितलं, आणि शब्द म्हणायला सुरुवात केली.

पाणी जमलं, दार जमलं. मिठाच्या जागी त्यांचं बोट साखरेकडे चाललं होतं, पण वळलं. मग अंबुबाई फरशीकडे बघत पुटपुटल्या, "मुसलोडु." पडद्यावर चार चित्रं होती. एकात हार घातलेला, शाल पांघरलेला माणूस व्यासपीठावर उभा होता. दुसऱ्यात काठी टेकत चाललेला, वाकलेला म्हातारा. धारूरकरांचं बोट शालीकडे निघालं. वाटेत त्यांनी अंबुबाईंचा चेहरा बघितला. बोट हवेत थांबलं, आणि मग त्यांनी ते काठीवर ठेवलं. यंत्राने आनंदाचा छोटा आवाज केला. अंबुबाईंनी पदर तोंडाला लावला.

शेवटचं वाक्य होतं, आणि ते कोणतं म्हणायचं हे आवाज देणाऱ्यावर सोपवलेलं होतं. अंबुबाईंनी ते रोजच्याच आवाजात विचारलं. पडद्यावरची रेघ वाक्य संपायच्या कितीतरी आधी वर गेली, इतकी वर की मिसबाला मोजपट्टी बदलावी लागली. धारूरकरांनी चित्रांकडे बघितलंच नाही. ते समोर बघून म्हणाले, "तिन्नानु." जेवलो. खरं तर ते सकाळपासून उपाशी होते. पण तेलुगूत 'नाही' कसं म्हणायचं, तिथवर शिकवणी पोचली नव्हती.

ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले. प्रमाणपत्रावर त्यांची परिचित भाषा तेलुगू अशी छापून आली, आणि मराठी या शब्दापुढे शेरा होता, 'तुरळक'. घर राहिलं. मिसबाने निघताना दोघांनाही नमस्कार केला, आणि भिंतीच्या दिशेने मान थोडी झुकवली, झोपलेल्या माणसासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारूरकरांनी इस्त्रीचा सदरा घातला. आभार मानायचे होते, आणि ते असे तसे मानून चालणार नव्हते. त्यांनी आरशासमोर उभं राहून भाषण जुळवलं. त्यात ऋणनिर्देश होता, दोन संस्कृतींचा सेतू होता, एकाकी मनाच्या गाभाऱ्यात उजळलेला शब्ददीप होता, आणि शेवटी राजेशमरावांबद्दल एक वाक्य होतं, जे त्यांनी फार उशिरा लिहिलं होतं आणि ज्यात एकही जड शब्द नव्हता. ते शेजारच्या दारापुढे उभे राहिले, घसा साफ केला, आणि अंबुबाईंनी दार उघडताच सुरू झाले. सेतूपर्यंत पोचले. अंबुबाई दाराला हात लावून ऐकत होत्या. त्यांची नजर धारूरकरांच्या डोक्यापासून चौकटीच्या वरच्या लाकडापर्यंत गेली, परत खाली आली, आणि त्या काहीतरी मोजत आहेत असं दिसलं.

"साहेब, ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "चप्पल काढून आत या की जरा. माळ्यावर मोठी कढई आहे, तेवढी काढून द्या. हे गेल्यापासून तिथंच आहे, माझा हात पुरत नाही."